पुलाचा सात-बारा

रस्त्याने जाताना मोरीच्या किंवा लहान पुलाच्या कठड्यावर एक अपूर्णांक रंगविलेला दिसतो. उदाहरणार्थ, २३/४. शाळेतील मुले त्याकडे बोट दाखवून अर्थ विचारतात आणि शिक्षकांना बहुधा तो सांगता येत नाही. अर्थ अगदी साधा आहे. वरचा आकडा किलोमीटरचा असून खालचा आकडा त्या किलोमीटरात पाणी ओलांडण्यासाठी बांधलेल्या मोऱ्या-पुलांचा अनुक्रम दाखवितो. २३/४ म्हणजे तेविसाव्या किलोमीटरातील चौथे बांधकाम. लांबी सहा मीटरपर्यंत असेल तर त्यास मोरी म्हणावे, साठ मीटरपर्यंत लहान पूल व त्यापुढे मोठा पूल, हाही संकेत ठरलेला आहे. क्रमांक घालण्याची ही पद्धत १९३४ साली स्थापन झालेल्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेने देशभर रूढ केली. ही संस्था ज्या समितीच्या शिफारशीतून जन्मास आली, तिचे अध्यक्ष डॉ. मुकुंदराव जयकर होते, ही गोष्ट महाराष्ट्रात फारशी कोणाच्या स्मरणात नाही.

कठड्यावरील हा अपूर्णांक म्हणजे पुलाचे नाव होय. पुलाची पाहणी करणारा अभियंता आपली नोंद याच नावाखाली करतो. दहा वर्षांनी त्या जागी येणारा दुसरा अभियंता जुनी नोंद शोधतो, तीही याच नावाने. म्हणून नावच बदलले तर काय होते, हा प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही. खानदेशाइतका तो प्रश्न स्पष्टपणे दाखविणारा दुसरा प्रदेश क्वचितच सापडेल.

धुळे शहरात दोन मोठे रस्ते एकमेकांस छेदतात. मुंबईहून आग्र्यास जाणारा रस्ता पिढ्यान्‌पिढ्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३ म्हणून ओळखला जात असे. सुरतेकडून धुळे, जळगाव, भुसावळमार्गे नागपूर व पुढे कोलकात्यास जाणारा रस्ता क्रमांक ६ होता. २०१० सालच्या अधिसूचनेने देशातील महामार्गांना नवे क्रमांक देण्यात आले. क्रमांक ६ चा हा भाग ५३ झाला. क्रमांक ३ ची तर धुळ्यात फाळणीच झाली. नाशिककडील भाग ६० या क्रमांकात गेला व शिरपूर-सेंधव्याकडील भाग ५२ मध्ये. धुळ्याहून सोलापूरकडे जाणारा पूर्वीचा २११ हाही त्याच ५२ मध्ये सामील झाला. त्याखेरीज चौपदरीकरणात वळणे सरळ होतात, गावाबाहेरून वळणरस्ते निघतात आणि किलोमीटरचे दगड पुढेमागे सरकतात. जुन्या पुलाशेजारी नवा पूल उभा राहतो व जाण्याची वाहने एकावरून, येण्याची दुसऱ्यावरून धावू लागतात. लोकांच्या तोंडी दोघांचे नाव एकच राहते. सावळद्याजवळ तापी ओलांडणारा प्रवासी ‘तापीचा पूल’ एवढेच म्हणतो. त्याचे काही अडत नाही. नोंदवहीचे मात्र अडते.

त्याही आधी मैल जाऊन किलोमीटर आले, तेव्हा हेच घडले होते. जुन्या नोंदी मैल-फर्लांगात आहेत. रस्त्याची देखभाल करणाऱ्या कामगारास आजही ‘मैलकुली’ म्हणतात, तेवढी त्या मोजमापाची आठवण भाषेत शिल्लक राहिली आहे. जिल्ह्यांच्या सीमाही स्थिर राहिलेल्या नाहीत. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले, त्यांचेच पुढे जळगाव व धुळे झाले आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. प्रकाशे येथील तापीवरचा पूल त्या दिवशी जागचा हलला नाही, पण त्याचा जिल्हा बदलला.

महसुली कामाशी परिचय असलेल्या पंचायत सदस्यांना हा अनुभव नवा वाटणार नाही. १९४७ च्या कायद्यान्वये जमिनींचे एकत्रीकरण झाले, तेव्हा जुने सर्व्हे नंबर जाऊन गट क्रमांक आले. शेत तेच, बांध तेच, क्रमांक निराळा. परंतु जुना सर्व्हे नंबर कोणत्या नव्या गटात गेला, याचा मेळ दाखविणारे तक्ते त्या वेळी तयार करण्यात आले. गाव नमुना सहामधील फेरफाराच्या नोंदींनी मालकीची साखळीही जोडून ठेवली. म्हणूनच आजोबांच्या नावावरील जमीन नातवाला आजही शोधता येते. जेथे हा मेळ चुकला, तेथे कोर्टकचेऱ्या सुरू झाल्या. पुलाच्या बाबतीत मेळ चुकला तर कोर्टात कोणी जात नाही, कारण पूल तक्रार करीत नाही. त्याचा इतिहास मात्र नकळत पुसला जातो, आणि प्रत्येक नवा अधिकारी त्या पुलाकडे तो कालच बांधला गेला असावा, अशा दृष्टीने पाहू लागतो.

पुलाच्या पाहणीत इतिहासास एवढे महत्त्व का, हे सांगण्यास एखाद्या भेगेचे उदाहरण पुरेसे आहे. समजा, एका पुलाच्या नोंदीत पहिल्या वर्षी ‘भेग आढळली’ असे लिहिले आहे. तिसऱ्या वर्षी दुसऱ्या अधिकाऱ्याने ‘किरकोळ भेग’ असे लिहिले आणि पाचव्या वर्षी तिसऱ्याने ‘पूल सर्वसाधारणपणे सुस्थितीत’ एवढाच शेरा मारला. तिन्ही नोंदी खऱ्या असू शकतात, आणि तरीही त्या तिन्ही मिळून काहीच सांगत नाहीत. भेग कोणत्या गाळ्यात, कोणत्या तुळईवर, खांबापासून किती अंतरावर, किती लांब व किती रुंद होती? ती वाढली की थांबली? भेग असणे हे नेहमीच संकट नसते. काँक्रीटमध्ये बारीक भेगा पडतच असतात. संकट असते ते भेग वाढण्यात, आणि वाढ कळण्यास दोन मोजमापे लागतात. एकाच जागेची, एकाच मापाने घेतलेली, एकाच नावाखाली लिहिलेली.

भारतात या कामास लेखी शिस्त लावण्याचा प्रयत्न बराच जुना आहे. महामार्गांवरील पुलांच्या देखभाल-पाहणीची पुस्तिका इंडियन रोड्स काँग्रेसने १९७८ मध्ये काढली. १९९० मध्ये पाहणी व देखभालीची मार्गदर्शक तत्त्वे आली आणि २०१५ मध्ये त्यांची सुधारित आवृत्ती निघाली. नित्य पाहणी, मुख्य पाहणी व विशेष पाहणी असे प्रकार त्यांत सांगितले आहेत. नित्य पाहणी रस्त्याच्या देखभालीवरील अभियंत्याने डोळ्यांनी करावयाची, मुख्य पाहणी पुलाच्या प्रत्येक भागाजवळ जाऊन करावयाची आणि विशेष पाहणी पूर, भूकंप, अपघात किंवा अतिअवजड वाहन गेल्यानंतर. कागदावरची ही व्यवस्था चांगली आहे.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिश अमदानीतला दगडी कमानींचा पूल पुरात वाहून गेला. एस. टी. च्या दोन गाड्या व इतर वाहने अंधारात नदीत पडली आणि चाळीसच्या आसपास माणसे दगावली वा बेपत्ता झाली. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची पाहणी झाली होती व तो वाहतुकीस धोकादायक नसल्याचे आढळले होते, असे शासनातर्फे त्या वेळी सांगण्यात आले. या घटनेतून बोध घेताना पाहणी झाली नव्हती, असे म्हणता येत नाही. पाहणी झाली होती. मे महिन्यात कोरड्या नदीत उभे राहून कमान पाहता येते. ऑगस्टमधील पाणी पायाशी काय करीत असते, ते त्या पाहणीत दिसत नाही.

येथे नदीतळाच्या एका गुणधर्माचा उल्लेख करणे आवश्यक आहे, कारण खानदेशच्या नद्यांस तो पूर्णपणे लागू पडतो. पुराचे पाणी खांबावर आदळले की खांबाच्या पुढे व बाजूंनी भोवरे तयार होतात. ते तळाची वाळू उचलतात आणि खांबाभोवती खड्डा पडतो. पूर जेव्हा ऐन भरात असतो, तेव्हाच हा खड्डा सर्वांत खोल असतो. पाणी ओसरू लागले की वेग मंदावतो आणि वरून आलेली वाळू त्याच खड्ड्यात बसते. जानेवारीत पाहणीस गेलेल्या माणसाला खांबाभोवती सपाट वाळू दिसते व तो समाधानाने परत येतो. वास्तविक ती वाळू सैल भरावाची असते व पुढच्या पुरात पहिल्या तासाभरात निघून जाऊ शकते. लोखंडी गज घालून पाहिल्याखेरीज हा फरक कळत नाही.

तापी ही ७२४ किलोमीटर लांबीची नदी खानदेशात खोल गाळाच्या थरांतून, उंच काठांमधून वाहते. उत्तरेकडून सातपुड्यातील सुकी, मोर, गुळी, अनेर, अरुणावती या नद्या तिला मिळतात. त्या आखूड आणि उताराच्या आहेत. डोंगरात पाऊस झाला की पाणी काही तासांत सपाटीवर येते व तितक्याच लवकर ओसरते. दक्षिणेकडून वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा, बुराई लांबून येतात. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी चाळीसगाव तालुक्यात तितूर व डोंगरी या एरवी दुर्लक्षित नद्यांनी गावेच्या गावे पाण्याखाली घातली आणि त्याच पावसात कन्नडच्या घाटात दरडी कोसळून महामार्ग बंद पडला. अशा पुरानंतर लगेच घेतलेली पाण्याच्या खुणेची व नदीतळाची नोंद लाखमोलाची असते. एका महिन्याने ती मिळत नाही. खूण पुसली जाते आणि खड्डा भरून येतो.

गिरणेसारख्या नद्यांत आणखी एक कारण काम करीत आहे. वाळूचा उपसा झाला की सबंध नदीतळच खाली जाते. पुलाजवळ वाळू काढण्यास मनाई असली, तरी दूरवरच्या उपशाचा परिणाम पुलापर्यंत पोहोचतो. जमिनीत गाडलेला पायाचा भाग उघडा पडू लागतो. हे काम एका वर्षात होत नाही. दर वर्षी वीतभर तळ खाली गेला तर कोणाच्या डोळ्यांस जाणवत नाही, पण दहा वर्षांत ती खोली माणसाच्या उंचीपलीकडे जाते. कठड्यावरील एका कायम खुणेपासून ओळंबा सोडून प्रत्येक गाळ्यात तळापर्यंतचे अंतर मोजले व ते दर पावसाळ्यानंतर एकाच पानावर लिहिले, तर हा ऱ्हास आकड्यांत उघड दिसतो. या मोजणीस दोरी, वजन आणि मोजपट्टी यांहून अधिक काही लागत नाही.

सावित्रीच्या दुर्घटनेनंतर, ऑक्टोबर २०१६ मध्ये, केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राष्ट्रीय महामार्गांवरील पुलांच्या माहितीची एक देशव्यापी व्यवस्था सुरू केली. तीत प्रत्येक पुलास राष्ट्रीय ओळख क्रमांक मिळतो. हा क्रमांक राज्य, परिवहन कार्यालयाची कक्षा व रस्त्याचा वर्ग यांवरून ठरतो. ही कक्षा म्हणजे जिच्यामुळे धुळ्याच्या गाडीच्या पाटीवर १८ व जळगावच्या गाडीवर १९ हा आकडा असतो तीच. दुसरा क्रमांक उपग्रहाच्या साहाय्याने घेतलेल्या अक्षांश-रेखांशांवरून येतो. रचना, साहित्य, वय, भारक्षमता, लांबी-रुंदी यांवरून वर्गवारी होते आणि पुलाच्या प्रत्येक भागास शून्य ते नऊ असे गुण दिले जातात. आसपासच्या जनजीवनास तो पूल किती आवश्यक आहे, याचीही स्वतंत्र नोंद असते. यातील सर्वांत भक्कम भाग कोणता, असा प्रश्न विचारला तर उत्तर अक्षांश-रेखांश हेच द्यावे लागेल. महामार्गाचा क्रमांक बदलला, जिल्हा फुटला. नंदुरबारला तर नवा जिल्हा झाल्यानंतर ३९ हा वेगळा परिवहन क्रमांकही मिळाला. प्रकाशेच्या पुलाचे अक्षांश-रेखांश तेवढे बदलले नाहीत.

गुणांकनाविषयी मात्र खानदेशवासीयांनी विशेष सावध राहिले पाहिजे, आणि त्याचे कारण भुसावळ हे आहे. भुसावळ हे रेल्वेचे विभागीय मुख्यालय. रेल्वेत पुलांच्या नोंदवहीची परंपरा मोठी आहे. एका पुलाच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी एकाच ठिकाणी असतात, पावसाळ्यानंतर अभियंता दर वर्षी पाहणी करतो आणि खांबांवर धोक्याच्या पातळीच्या व महापुराच्या खुणा रंगविलेल्या असतात. रेल्वेतही स्थितीदर्शक आकडे आहेत. तेथे १ म्हणजे पूल तातडीने नव्याने बांधणे आवश्यक, ५ म्हणजे सुस्थितीत, ६ म्हणजे हा भाग या पुलास लागूच नाही, आणि शून्य म्हणजे पाहणी झालेली नाही. रस्त्यांच्या शून्य ते नऊ या मापात ५ म्हणजे जेमतेम समाधानकारक, आणि शून्य म्हणजे पूल निकामी. रेल्वेच्या कामात मुरलेला पर्यवेक्षक उद्या रस्त्याच्या ठेकेदाराकडे कामास लागला आणि त्याने जुन्या सवयीने ‘५’ लिहिले, तर वाचणाऱ्यास काय समजावे? न पाहिलेला पूल व पडलेला पूल या दोघांसाठी एकच चिन्ह दोन खात्यांत वापरात असावे, हा योगायोग गमतीचा खराच, परंतु तापीच्या काठी तो गमतीवारी नेण्यासारखा नाही.

शून्य ते नऊ हे माप मुळात अमेरिकेत रूढ झालेले आहे. १५ डिसेंबर १९६७ रोजी ओहायो नदीवरील ‘सिल्व्हर ब्रिज’ नावाचा, १९२८ मध्ये बांधलेला झुलता पूल संध्याकाळच्या गर्दीत कोसळला व ४६ माणसे मेली. साखळीच्या एका दुव्यातील, जेमतेम अडीच मिलिमीटर खोलीच्या भेगेतून हा अनर्थ उद्भवला होता. त्यानंतर त्या देशाने १९६८ मध्ये कायदा केला व १९७१ मध्ये पाहणीची राष्ट्रीय मानके लागू केली. नोंदी कोणत्या संकेतांत लिहाव्यात याची पुस्तिका वेळोवेळी सुधारण्यात आली. १९९५ ची पुस्तिका तर पाव शतकाहून अधिक काळ चालली व २०२२ मध्ये तिच्या जागी नवी मानके आली. नव्या मानकांत जुन्या कित्येक रकाने बदलले, काही गळाले, काही नव्याने आले. मात्र जुना कोणता रकाना नव्या कोणत्या रकान्यात जातो, याचा सविस्तर तक्ताही तयार करण्यात आला. अर्ध्या शतकाच्या नोंदी त्यामुळे वाया गेल्या नाहीत. आपल्याकडील एकत्रीकरणाच्या तक्त्यांशी त्याचे साम्य उघड आहे.

राष्ट्रीय महामार्गांपुरती तरी भारतात आता एक चौकट आहे. त्याखालील रस्त्यांचे काय, हा पंचायतींच्या दृष्टीने खरा प्रश्न आहे. राज्यमार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, तर इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण रस्ते जिल्हा परिषदेकडे असतात. गावाजवळचा फरशी पूल, नाल्यावरची नळमोरी, दोन वस्त्या जोडणारा जुना लोखंडी सांगाडा या सर्वांवरून शाळेची मुले, दुधाच्या किटल्या, केळीच्या गाड्या रोज जातात. १५ जून २०२५ रोजी पुणे जिल्ह्यात इंद्रायणीवरील कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीत कोसळून चौघांचा बळी गेला. तो पूल कोणत्याही महामार्गावर नव्हता.

अशा पुलाची तांत्रिक पाहणी ग्रामपंचायतीने करावी, अशी अपेक्षा कोणी धरणार नाही. तथापि ग्रामपंचायतीला ठाऊक असणाऱ्या काही गोष्टी अभियंत्याला ठाऊक नसतात. पाणी फरशीवरून कोणत्या तारखेला गेले, किती वेळ राहिले, कठड्याच्या कितव्या खांबापर्यंत चढले, आणि ओसरल्यावर कोणत्या बाजूचा भराव खचलेला दिसला. दप्तरात एक वही ठेवून एवढे लिहिले, प्रत्येक नोंदीखाली तारीख व लिहिणाऱ्याचे नाव घातले आणि तिची प्रत उपअभियंत्यास पाठविली, तर ‘पूल सुस्थितीत’ या शेऱ्यापेक्षा तिचे मोल निश्चितच अधिक ठरेल. शिक्षकांनाही यात वाटा आहे. पाण्यात उतरण्याचे काम मुलांना मुळीच सांगू नये, परंतु काठावर सुरक्षित जागी उभे राहून पुराची खूण कोठे आली हे वहीत टिपणे हा भूगोलाचा उत्तम धडा आहे.

मैलकुली व मुकादम यांचा उल्लेख या चर्चांत सहसा होत नाही. कठड्याजवळची पाणी जाण्याची छिद्रे बुजली की पाणी वर साचते, पुढे काँक्रीटमध्ये मुरते व आतील लोखंड गंजते, हे त्यांना ठाऊक असते, कारण ती छिद्रे मोकळी करणारे तेच असतात. कोणत्या सांध्यावरून गाडी गेली की आवाज बदलतो, तेही त्यांनाच प्रथम कळते. नव्या नमुन्यात शेकडो रकाने आहेत. मुकादमाने सांगितलेल्या गोष्टीसाठी त्यात एक रकाना ठेवण्यास हरकत नसावी.

खानदेशात सध्या ठिकठिकाणी नव्या किलोमीटरांचे दगड बसत आहेत, आणि त्यामागोमाग मोऱ्यांच्या कठड्यांवरील जुने अपूर्णांक चुन्याने पुसून नवे रंगविले जातील. रंगाऱ्यास कठड्यावर पाठविण्यापूर्वी शाखा अभियंत्याने त्या रस्त्याची नोंदवही उघडून जुना क्रमांक, नवा क्रमांक व अक्षांश-रेखांश अशा तीन स्तंभांचे एक पान भरून घ्यावे. पन्नास मोऱ्यांच्या रस्त्यास त्यासाठी दोन दिवस पुरतात.